स्वातंत्र्याचे चौदा टेक

"जा मृणाल," माझा नवरा म्हणाला. "आजपासून तू... आजपासून तू..."

वारा सुटला होता. बसस्टॉपवरच्या मेपलचं एक लालभडक पान गिरक्या घेत आलं आणि माझ्या नथीत अडकलं. विश्वास त्या पानाकडे बघत उभा राहिला.

"स्वतंत्र!" कॅमेऱ्यामागून पद्माकरराव ओरडले. "आजपासून तू स्वतंत्र आहेस! एक शब्द, विश्वासराव. एकच!"

"अहो, शब्द आठवतो हो. पण भावना आणायला गेलं की शब्द निसटतो, आणि शब्द धरला की भावना जाते."

"दोन्ही धरा. कट्! वहिनी, ते पान काढा. डोळ्यांतलं पाणी मात्र तसंच ठेवा, फार सुंदर आलंय."

पाणी थंडीचं होतं. ऑक्टोबर संपत आलेला, अंगावर निर्मलावहिनींची पैठणी आणि कोट घालायला दिग्दर्शकाची मनाई. कोटात बाई सोसलेली दिसत नाही म्हणे.

हा आठवा टेक होता. माझं मनगटी घड्याळही पैठणीवर शोभत नाही म्हणून काढून ठेवलं होतं, तेव्हा मी समोरच्या बँकेच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते. बारा पस्तीस. बारा चाळीसची सात नंबरची बस आता वळणावर दिसणार. शनिवारी तासाला एकच बस. ही गेली तर एक चाळीसची. तीही गेली तर खेळ खलास.

कारण अडीच वाजता मला गावाच्या दुसऱ्या टोकाला, सिटी बसच्या डेपोत, हजर व्हायचं होतं. तिथे माझी शेवटची परीक्षा होती, बस चालवायची. खरीखुरी, चाळीस फुटी. पास झाले तर सोमवारपासून नोकरी. नाही पोचले तर नाव कापलं, आणि पुढची भरती वर्षाने, तीही झाली तर.

बसस्टॉपवर आम्ही चौघं होतो. त्यातल्या तिघांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं होऊन गेली, तेव्हा सांगायला हरकत नाही.

टोरांटोपासून दीड तासावरच्या आमच्या गावात मराठी घरं होती सव्वीस आणि मेपल मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर माणसं अकरा. पुढच्या मराठी अधिवेशनात हौशी लघुपटांची स्पर्धा ठेवली होती. विषय, 'परदेशातील मराठी स्त्री'. पद्माकर सहस्रबुद्धे पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांनी नवा कॅमेरा आणला होता आणि तो फक्त लोकांच्या बारशांवर वाया जातोय याचं त्यांना दुःख होतं. त्यांनी एका बैठकीत कथा लिहून आणली. परदेशात आलेली एक बायको, तिला छळणारा नवरा, आणि शेवटी ती घर सोडून स्वतंत्र होते. नाव, 'चिमणीला पंख'.

"चिमणीला पंख असतातच ना?" निर्मलावहिनींनी विचारलं. या त्यांच्या पत्नी.

"तू चहाचं बघ," पद्माकरराव म्हणाले.

नायिका म्हणून मला निवडलं. माझ्या चेहऱ्यावर एक मूक वेदना आहे, असं त्यांचं म्हणणं. ती अक्कलदाढेची होती आणि उपचार त्यांचेच चालू होते, पण ते असो. नवरा म्हणून माझाच नवरा घेतला, कारण दुसऱ्याच्या नवऱ्याबरोबर भांडताना बघून लोक काय म्हणतील, असं खजिनदारांना वाटलं.

पण विश्वासने कथा वाचली आणि अडून बसला. "मी ताट भिरकावणार नाही. ही कॅसेट कराडला जाणार. माझी आई बघणार."

मग दुसऱ्या खर्ड्यात तो नुसताच म्हणतो, "आमटी अळणी आहे." तिसऱ्यात म्हणतो, "आमटी अळणी आहे, पण तू दमली असशील." पाचव्यात तो स्वतःच मीठ घालतो. सातव्यात तर आमटीच त्याने केलेली असते.

"मग ही बाई घर सोडून जाते कशाला?" निर्मलावहिनींनी विचारलं.

सगळ्यांनी पद्माकररावांकडे बघितलं.

"स्वातंत्र्यासाठी!" पद्माकरराव म्हणाले. "नवराच तिला ते देतो. बसस्टॉपवर. तिची बॅग भरून आणतो आणि म्हणतो, जा, आजपासून तू स्वतंत्र आहेस. थिएटरात रुमाल निघतील, रुमाल."

ठराव एकमताने पास झाला. विश्वासने सूचक म्हणून सही केली.

तर या विश्वासला मी आठ वर्षांत एकदाच म्हटलं होतं, "मला गाडी शिकवा ना." तो म्हणाला, "तुला काय गरज? मी आहे ना." वाईट माणूस नव्हता. नवी निळी गाडी घेतली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता. पार्किंगमध्ये लावली की दहा पावलं चालून मागे वळून एकदा तिच्याकडे बघायचा. माझ्याकडे असं कधी बघितल्याचं आठवत नाही, पण मी काही अशी कुठे लावून ठेवायची वस्तू नव्हते.

मग मी बसने हिंडायला लागले. सात नंबरवर ग्लोरिया नावाची जमैकाची धिप्पाड ड्रायव्हर होती. एका जानेवारीत बर्फावर तिने बस अशी हळुवार थांबवली की माझ्या तोंडून गेलं, "वा! माझ्या वडिलांनी पाठ थोपटली असती तुझी." ती म्हणाली, "वडील काय करतात?" मी सांगितलं. ती माझ्याकडे आरशातून जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग तू माझ्या मागे काय बसलीयेस?"

तिच्या नादाने मी आधी गाडीचं लायसन काढलं. मग बसच्या भरतीचा अर्ज. मग सहा आठवड्यांचं ट्रेनिंग, रोज नऊ ते तीन. घरी सांगितलं, शिवणाचा क्लास.

"रोज? सहा आठवडे?" विश्वास म्हणाला. "काय शिवताय, शामियाना?"

"साधारण तेवढंच आहे," मी म्हटलं.

एकदा त्याने आपली पँट आखूड करायला दिली. ती ग्लोरियाच्या आईने करून दिली. विश्वास खूश. "हात बसला हं तुझा," म्हणाला.

परीक्षेची तारीख पडली शनिवार, आणि शूटिंग होतं त्याच्या आदल्या शनिवारी. पण ऐन वेळी पद्माकररावांकडे कुणाची तरी दाढ सुजली. शूटिंग पुढे ढकललं गेलं, ते नेमकं परीक्षेच्या दिवशी. सोमवारी कॅसेट पाठवायची शेवटची तारीख, त्यामुळे हलवायची सोय नाही.

मी हिशेब केला. शेवटच्या सीनमध्ये मला बसमध्येच चढायचं होतं. पुढच्या स्टॉपला उतरायचं, मागून विश्वासची गाडी येऊन मला घेणार, असं ठरलं होतं. बस तीच. मी फक्त उतरणार नव्हते. दहा वाजता सुरू केलेला एक सीन बाराला संपणार नाही, असं कुणाला वाटलं असतं?

बारा चाळीसची बस वळणावर दिसली.

"बस आली! रोलिंग!" पद्माकरराव ओरडले. "विश्वासराव, बोला!"

"जा मृणाल. आजपासून तू..."

बस थांबली. दार उघडलं. विश्वास आभाळाकडे बघायला लागला, तिथे लिहून ठेवल्यासारखा. मी वाट बघितली, आणि मग सूटकेस उचलून सरळ पायरीवर पाय ठेवला.

"अहो वहिनी! वहिनी!" पद्माकरराव धावत आले आणि माझा पदरच धरला. "कुठे निघालात? त्यांनी अजून दिलेलं नाही!"

"काय दिलेलं नाही?"

"स्वातंत्र्य!"

ड्रायव्हर कुणी नवा पोरगेला गोरा होता. त्याने पैठणी बघितली, नथ बघितली, पदर धरणारा माणूस बघितला, आणि दार लावून निघून गेला. मीही त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

"जेवून घेऊ," पद्माकरराव म्हणाले. "उपाशीपोटी भावना येत नाहीत."

निर्मलावहिनींनी फूटपाथवरच्या बाकावर बटाटेवडे मांडले. या बाईंनी पहाटेपासून वडे केले होते, मला पैठणी नेसवली होती, आणि अडीच तास उन्हाकडे चांदीचा कागद धरून उभ्या होत्या. श्रेयनामावलीच्या पाटीवर त्यांचं नाव 'इतर' मध्ये होतं.

"सूटकेस हलकी वाटते हो," पद्माकरराव वडा खाता खाता म्हणाले. "वजन दिसत नाही. निर्मला, गाडीतली तांदळाची पिशवी घाल बरं तिच्यात."

मी उठायच्या आत वहिनींनी सूटकेस उघडली. आत होते माझे काळे, सपाट तळव्याचे बूट आणि एक फाईल. फाईलवर डेपोचं पत्र, त्यावर तारीख आणि वेळ.

वहिनींनी पत्र वाचलं. सावकाश, पुरतं. मग बुटांकडे बघितलं. मग तांदळाची वीस पौंडांची पिशवी त्यावर ठेवून सूटकेस बंद केली आणि वड्यांची चटणी द्यायला आल्यासारख्या माझ्याजवळ वाकल्या.

"बस? म्हणजे ही आपली बस? मोठी?"

"हो."

"भावजींना?"

"नाही माहीत."

त्यांनी चटणी वाढली. "पैठणीवरचा ग्रीसचा डाग निघत नाही," म्हणाल्या. "चढायच्या आधी पदर नीट खोच."

आणि त्या ताठ उभ्या राहून आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, असं शब्दाशी झटत बसलात तर संध्याकाळ होईल. भावजी, हात करा इकडे." त्यांनी पर्समधलं बॉलपेन काढलं आणि विश्वासच्या तळहातावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'स्वतंत्र आहेस'. "आता बघा आणि बोला. एक चाळीसला एकदाच, आणि झालं. माझे पाय गेलेत."

पद्माकरराव बायकोकडे बघतच राहिले. चहाचं सोडून ती काही बघू शकते हे त्यांना नवीन होतं.

बस येईपर्यंत चार तालमी झाल्या, कॅमेरा चालू ठेवूनच. चारही वेळा विश्वासने हाताकडे बघून मला स्वतंत्र केलं, अगदी खणखणीत. ज्योतिषी भविष्य सांगतो तसा दिसत होता, पण मला काय त्याचं.

एक बेचाळीस झाले. बस नाही. त्रेचाळीस. पंचेचाळीस. डेपोपर्यंत चाळीस मिनिटं लागतात. नथीखाली मला घाम फुटला.

"अहाहा, ही घालमेल!" पद्माकरराव कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले. "ओठ जरा जास्त उघडा. मोठं. अजून मोठं. छान."

सत्तेचाळीसला सात नंबर आली.

"चौदावा टेक! रोलिंग!"

विश्वासने हात वर केला आणि बघितलं. मधल्या वेळात त्याने आणखी दोन वडे खाल्ले होते. बॉलपेनची शाई तेलात पसरून तळहातावर एक निळा ढग झाला होता.

"जा मृणाल," तो म्हणाला. "आजपासून तू... तू... अगं, जा आता!"

"चालेल!" पद्माकरराव ओरडले. "चालेल, चालेल! वहिनी, चढा!"

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर मला ते अजूनही कुणी दिलेलं नाही.

मी चढले. ग्लोरियाच होती. मला बघून ती आ वासून राहिली. "मंगल! कुठे होतीस तू? डेपोत अकरापासून वाट बघितली तुझी! आणि हे काय, आज लग्नपण आहे तुझं?"

"चल लवकर," मी म्हटलं. "नंतर सांगते."

दार लागता लागता विश्वासचा आवाज आला, "मंगल? हिला मंगल कसं माहीत?"

मंगल माझं माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात मृणालिनी लिहिलं, पण पासपोर्ट आधीच निघाला होता, त्यावर मंगल जगदाळेच राहिलं. कॅनडा सरकारच्या लेखी मृणालिनी नावाची बाई आलीच नव्हती.

पुढचा स्टॉप आला. मी खिडकीतून मागच्या निळ्या गाडीला हात केला आणि बसून राहिले.

त्या गाडीत काय झालं ते निर्मलावहिनींनी मला नंतर सांगितलं.

"उतरली का नाही ती?" विश्वास म्हणाला.

"दार अडकलं असेल," पद्माकरराव म्हणाले. ते खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर येऊन शूटिंग करत होते. "पण काय शॉट मिळतोय! जवळ घ्या."

दुसरा स्टॉप. तिसरा स्टॉप.

"पद्माकरराव, पळून तर नाही ना गेली?"

"छे हो. सूटकेसमध्ये तांदूळ आहे नुसता."

"म्हणूनच म्हणतो. बाई पळून जाताना तांदूळ घेऊन गेली म्हणजे कायमचीच गेली!"

वहिनी मागच्या सीटवर होत्या. त्या म्हणे खिडकीबाहेर बघत उरलेला वडा खात राहिल्या.

दोन अठ्ठावीसला ग्लोरियाने मला डेपोच्या फाटकात सोडलं. मी सूटकेस ओढत धावले. अंगणात माझी बस उभी होती आणि तिच्यापाशी परीक्षक मॅक्रे, हातात कागद लावलेली पाटी, मिशीला बर्फ लागल्यासारखा पांढरा माणूस. सहा आठवड्यांत त्याला मी हसताना बघितलेलं नव्हतं.

"मंगल जगदाळे," त्याने वाचलं. मग नथ बघितली, जरीचे मोर बघितले. "या कपड्यांना नियमात मनाई आहे का, ते मला आठवत नाही."

"नाहीये," मी म्हटलं. "मी वाचलेत नियम." तांदूळ बाजूला करून बूट काढले, घातले, पदर खोचला आणि सीटवर चढले.

आता खरं सांगते. आमच्या मंडळात सगळ्यांना माहीत होतं की माझे वडील एसटीत मोठे अधिकारी होते. प्रत्यक्षात ते विटा डेपोचे ड्रायव्हर. विटा-स्वारगेट, अठ्ठावीस वर्षं, एक अपघात नाही. लग्नाच्या सकाळी सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, कुणी विचारलं तर खात्यात अधिकारी आहे म्हणायचं. बाबांनी दिवसभर येईल त्या पाहुण्याला, कुणी न विचारतासुद्धा, ते सांगितलं. खाकी सोडून जन्मात पहिल्यांदा सफारी घातली होती, आणि खिशात हात घालायला बिचकत होते. मी बोहल्यावरून बघत होते. मी काही बोलले नाही. तेव्हा मी बोलायची नाही.

पट्टा लावला. आरसे लावले. मॅक्रे शेजारी उभा राहिला. पहिली परीक्षा अंगणातलीच, लाल शंकूंच्या मधल्या जागेत बस मागे घेऊन लावायची. बस तिरकी घेऊन मी मागच्या गिअरला आणली, आणि तेवढ्यात आरशात निळी गाडी दिसली.

विश्वास उघड्या फाटकातून सुसाट आत आला आणि जिथे मोकळी जागा दिसली तिथे, बरोबर माझ्या शंकूंना खेटून, गाडी लावून खाली उतरला. बस आडवी, मागे कुंपण, मध्ये त्याची लाडकी. आता तिला बाहेर काढायला जागाच नव्हती.

"ते कोण?" मॅक्रेने विचारलं.

"माझे मिस्टर," मी म्हटलं.

"आणि खिडकीतून लोंबतोय तो?"

"दातांचे डॉक्टर."

मॅक्रेने पाटीकडे बघितलं. "तू बस पुढे घेऊन त्यांना जाऊ देऊ शकतेस. पण मग प्रयत्न एक वाया, आणि एकच प्रयत्न असतो. किंवा आहे तशी मागे घे. रस्त्यावर मूर्ख असतातच. मात्र मागे मार्गदर्शक हवा, तो नियम आहे, आणि आमचा माणूस कॉफी प्यायला गेलाय."

विश्वास खिडकीखाली आला होता. चेहरा पांढराफटक. "मृणाल! हे काय चाललंय? खाली उतर आधी!"

"अहो, मागे जाऊन उभे राहा."

"तू ड्रायव्हर होणार? लोक काय म्हणतील? पद्माकरराव, तुम्ही तरी सांगा!"

"तिच्याकडे बघून बोला, विश्वासराव," पद्माकरराव ओरडले. "फोकसमध्ये या!"

"माझे बाबा ड्रायव्हरच होते," मी खिडकीतून म्हटलं, पद्माकररावांनाही ऐकू जाईल असं. "अधिकारी नव्हते. ड्रायव्हर. आता मी बस मागे घेणार आहे. तुमची गाडी तिथे आहे. बघा आणि सांगा, नाहीतर बघू नका."

आणि मी ब्रेक सोडला. बस पीं पीं करत मागे सरकली.

विश्वासने एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा गाडीकडे. नंतर जे झालं ते विचार करून झालेलं नव्हतं. तो कराडचा. कराडच्या स्टँडवर वाढलेला. तो धावत मागे गेला, बसच्या पत्र्यावर हाताने दणका दिला आणि त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, अगदी कंडक्टरच्या सुरात:

"येऊ दे! येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डाव्या अंगाला घे... अजून... अजून डाव्या... येऊ दे... अगं, आरसा सांभाळ!... येऊ दे, येऊ दे... बास! बास बास बास!"

दाण् दाण् दाण् असे तीन दणके. मी थांबले.

मॅक्रे खाली उतरला. शंकू बघितले. एकही हललेला नव्हता. बस आणि निळी गाडी यांच्यामध्ये त्याने हात घालून बघितला. चार बोटं गेली, अंगठा गेला नाही. पाटीवर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला.

"मार्गदर्शकाशी संवाद उत्तम," त्याने वाचून दाखवलं. "माणूस अनुभवी दिसतो."

मागे विश्वास गाडीच्या दारावर हात ठेवून उभा होता आणि धापा टाकत होता. डोळ्यांत पाणी होतं. सकाळपासून चौदा टेक करूनही जे आलं नव्हतं ते.

रस्त्यावरची परीक्षा तासभर चालली. तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. चुकलेच नाही तर सांगू काय? परत आले तेव्हा पद्माकररावांची टेप संपली होती आणि ते वहिनींनी आणलेली दुसरी घालत होते. मॅक्रेने कागद दिला. मी सही केली, मंगल जगदाळे.

विश्वास डेपोच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले. पैठणीला ग्रीस लागलेलं नव्हतं. कुंपणाचा गंज मात्र लागला होता.

"तू मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

तो काही वेळ तळहातावरचा निळा ढग चोळत बसला. खोटं बोलला असता तर मला तेव्हाच कळलं असतं.

"नको म्हणालो असतो," तो म्हणाला.

"म्हणून."

"तुझे वडील ड्रायव्हर होते ते मला माहीत होतं."

"मला माहीत होतं तुम्हाला माहीत आहे ते."

"मग आठ वर्षं आपण दोघं कुणाला फसवत होतो?"

मी म्हटलं, "पद्माकररावांना."

तो हसला. मनापासून नाही, पण हसला. मग म्हणाला, "शिवणाचा क्लास. माझी पँट कुणी आखूड केली मग?"

"जमैकाच्या एका आजीने."

"छान केलीय," तो म्हणाला आणि उठला.

त्यानंतर तीन आठवडे तो माझ्याशी फारसा बोलला नाही, आणि चौथ्या आठवड्यात पहाटे साडेचारला मला डेपोत सोडायला आला, कारण त्या वेळी बस नसते. निळी गाडी माझ्या हातात देणं त्याला बहुतेक पहाटे उठण्यापेक्षा जड गेलं असतं. मी ते त्याला विचारलं नाही. उन्हाळ्यात त्याने किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी ती उचलून पर्समध्ये टाकली.

कॅसेट सोमवारी गेली. पद्माकररावांनी डेपोतलं सगळं चित्रण शेवटी जोडून टाकलं. दुसरा शेवट त्यांच्याकडे नव्हताच.

जानेवारीच्या मध्यावर, उणे वीस असताना, त्यांची गाडी गोठली आणि ते सात नंबरच्या बसमध्ये चढले. माझ्याच. अंगावर तीन स्वेटर, हातात लघुपट स्पर्धेच्या परीक्षकांचं पत्र. बाकं रिकामी असताना ते येऊन माझ्या खांद्याशी उभे राहिले.

"वहिनी, निकाल लागला! ऐका. 'विषय स्तुत्य. मात्र शेवट वास्तवाला धरून नाही. सुशिक्षित मराठी गृहिणी बस चालवेल हे मनाला पटत नाही. बस चालवतानाचा नायिकेचा आत्मविश्वास नाटकी वाटतो.'"

"बरं," मी म्हटलं. पुढे रस्त्यावर बर्फाची काच पसरली होती.

"पण विश्वासरावांना अभिनयाचं बक्षीस आहे! पहिलं! 'पत्नीच्या स्वातंत्र्यासाठी आपली प्रिय वस्तू पणाला लावणाऱ्या पतीची तगमग त्यांनी विलक्षण सच्चेपणाने साकारली आहे.' आता पुढच्या महिन्यात शनिवारी अधिवेशनात सत्कार, शाल, नारळ. पतीच्या त्यागावर दोन शब्द बोलायचेत त्यांना. मी लिहून देतोय. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. आणि पैठणी हवी हं."

"त्या शनिवारी माझी ड्यूटी आहे."

"छे छे, असं कसं? नायिकाच नाही म्हणजे काय? रजा मागा की. नाहीतर थांबा, मी विश्वासरावांना सांगतो तुमच्या साहेबांशी बोलायला. किंवा मीच येतो. एक माणूस बदली दिला की..."

ते बोलता बोलता आणखी पुढे सरकले आणि उजवीकडचा आरसा पुरता झाकला गेला.

"पद्माकरराव," मी म्हटलं, "पिवळ्या रेषेच्या मागे व्हा."

"अहो, पण मी काय म्हणतो..."

"मागे. गाडी चालू आहे, पुढे बर्फ आहे आणि मला आरसा दिसत नाहीये. मागे बारा माणसं बसलीत, त्यांना कामावर जायचंय."

त्यांनी मागे वळून त्या बारा माणसांकडे बघितलं. बाराही जण त्यांच्याकडेच बघत होते. ते एक पाऊल मागे सरले, मग दुसरं, आणि पहिल्या बाकावर मांडीवर पत्र ठेवून मुकाट बसले.

मी आरशात बघितलं आणि वळण घेतलं.